पर्समधला पेपर स्प्रे वेळेवर हातात येईल का?

पत्र: मी मिरजेतल्या एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. दुपारची पाळी रात्री दहाला सुटते आणि मी स्कूटीवरून कुपवाडला घरी जाते. गेल्या महिन्यात एमआयडीसीच्या रस्त्यावर एकच मोटारसायकल दोनदा माझ्या मागे आली. एकदा शेजारी येऊन त्यावरचे दोघं काहीबाही बोलले. त्यानंतर मी ऑनलाइन पेपर स्प्रे मागवला. तो पर्समध्ये असतो, पण मी तो उघडून पाहिलेला नाही. चालत्या गाडीवरून मारता येतो का? वाऱ्याने माझ्याच तोंडावर आला तर? मला लहानपणापासून दमा आहे, पंप वापरते. भाऊ म्हणतो, त्यापेक्षा मिरचीपूड ठेव, स्वस्त आणि खात्रीची. आणि मी स्प्रे मारला तर उलट माझ्यावरच केस होईल का? (एक वाचक, कुपवाड)

ताई, सगळ्यात आधी चालत्या गाडीचं. चालत्या गाडीवरून स्प्रे मारायचा नाही, कितीही राग आला, कितीही भीती वाटली तरी नाही. ताशी ४० किलोमीटरने गाडी चालवताना तुमच्या तोंडावर सेकंदाला ११ मीटर वेगाने वारा येत असतो. शेजारच्या माणसाकडे मारलेला फवारा त्याच क्षणी मागे वळतो आणि त्यातून तुम्हीच पुढे जाता. शिवाय एक हात हँडलवरून निघालेला, नजर रस्त्यावरून हटलेली, आणि पुढच्या क्षणाला डोळे मिटलेले. समोरच्याने हात न लावताही तुम्ही पडाल.

गाडीवरून कुणी पाठलाग करत असेल तर तुमची चालती गाडी हेच तुमचं संरक्षण आहे. थांबू नका, अंधाऱ्या बोळात शिरू नका आणि घराच्या गल्लीत तर वळूच नका, त्यांना घर कळता कामा नये. त्या रस्त्यावर रात्रपाळी चालणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांच्या फाटकावर दिवा असतो आणि वॉचमन बसलेला असतो. चालू असलेला पेट्रोल पंप, पोलीस चौकी, किंवा मागे वळणं सोपं असेल तर तुमच्याच रुग्णालयाचं कॅज्युअल्टीचं दार, यातलं जे जवळ असेल तिथे हॉर्न दाबत जा. यातली कोणती ठिकाणं रात्री दहानंतर खरोखर उघडी असतात, हे या आठवड्यात येता-जाता बघून ठेवा. तिथे पोचलात, की गाडी चालू ठेवूनच ११२ ला फोन करा.

स्प्रेचा उपयोग गाडी थांबलेली असताना. पार्किंगमध्ये कुणी वाट अडवली, गाडी बंद पडली, कुणी हात धरायला आलं, तेव्हा. आणि तेव्हाही त्याच्याकडून एकच अपेक्षा ठेवायची: तिथून निघून जाण्यापुरता वेळ. स्प्रे माणसाला आडवा पाडत नाही, बेशुद्ध करत नाही. मिरचीतला कॅप्सेसिन हा घटक डोळ्यांतल्या, नाकातल्या आणि घशातल्या उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतो. भाजलेलं काही नसतं, पण शरीराला भाजल्यासारखंच वाटतं. पापण्या आपोआप मिटतात, पाणी वाहतं, खोकल्याची उबळ येते. हा जोर साधारण ३० ते ४५ मिनिटांत ओसरतो. पण प्यायलेला, नशेत असलेला किंवा संतापाने बेभान झालेला माणूस डोळे मिटलेले असतानाही पुढे झेप घेऊ शकतो, आणि काचा खाली केलेल्या हेल्मेटवर फवारा वाया जातो. म्हणून मारलं की तिथे थांबायचं नाही. परिणाम झाला का ते बघायलासुद्धा नाही.

तुमच्या भावाचा सल्ला काळजीपोटी आहे, पण मिरचीपूड ठेवू नका. पूड फेकायला मूठ उघडावी लागते आणि ती कुठे जाईल ते वारा ठरवतो, तुम्ही नाही. दोन फुटांच्या पुढे ती विरते. पुडी फोडताना निम्मी आपल्याच बोटांना लागते आणि तोच हात पुढे घाम पुसायला डोळ्यांकडे जातो. पाण्यात कालवून बाटलीत भरली तर पूड तळाशी बसते, नेमक्या वेळी नोझल तुंबतं आणि थेंब गळतात. आणखी एक गोष्ट: पुडीतले खरखरीत कण बुबुळाला ओरखडे पाडू शकतात. चांगल्या स्प्रेमध्ये मिरचीचा गाळलेला अर्क असतो, त्यात कण नसतात. त्याने वेदना होतात, पण डोळा सहसा कायमचा अधू होत नाही. आपल्याला त्या माणसाला आंधळं करायचं नाही, आपल्याला घरी पोचायचं आहे.

आता तुम्ही मागवलेला कॅन खोक्यातून काढा आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचा. आधी मुदत बघा. बहुतेक कॅनची मुदत दोन ते चार वर्षं असते. मुदत संपली की मिरचीचा अर्क तितका बिघडत नाही, पण झडपेतून वायू हळूहळू निसटतो आणि तीन मीटर जाणारी धार पायाशी पडते. टक्क्यांच्या आकड्याने भुलू नका. ‘अर्क १० टक्के’ किंवा ‘अमुक लाख स्कोव्हिल’ (तिखटपणा मोजायचं एकक) यावरून झोंबण्याची खरी ताकद कळत नाही, कारण अर्क कोणत्या मिरचीचा आहे आणि त्यात कॅप्सेसिन किती आहे यावर ती ठरते. स्कोव्हिलचा आकडा तर बऱ्याचदा पातळ करण्याआधीच्या मूळ अर्काचा असतो.

आकड्यांपेक्षा फवारा कसा निघतो ते महत्त्वाचं. धुक्यासारखा पसरणारा फवारा नेम चुकला तरी लागतो, पण दोन-तीन मीटरच जातो आणि वाऱ्याने सहज उलटतो. पिचकारीसारखी धार तीन-चार मीटर जाते, वाऱ्याला कमी हलते, मात्र तिला नेम लागतो. जेल त्याहून घट्ट असतं. ते चेहऱ्याला चिकटतं, हवेत जवळपास उडत नाही, पण श्वासावर त्याचा परिणाम कमी होतो आणि डोळ्यांवर व्हायला एखाद-दोन सेकंद जास्त लागतात. तुमच्यासाठी जेल, ते नाही मिळालं तर धार. धुक्याचा फवारा तुम्ही घेऊ नका, कारण तुम्हाला दमा आहे आणि त्यातला थोडासा भागही तुमच्याकडे आला तर त्रास त्याच्यापेक्षा तुम्हालाच जास्त होईल. खोक्यावर फवाऱ्याचा प्रकार लिहिलेला नसेल तर तो धुक्याचाच समजा.

दम्याबद्दल स्पष्ट लिहितो. कॅप्सेसिनने श्वासनलिका आवळू शकतात आणि झटका येऊ शकतो. म्हणून स्प्रे जिथे तिथे पंपही हवा. पंप डिकीत किंवा लॅबच्या ड्रॉवरमध्ये नको, अंगावरच्या खिशात हवा. स्प्रे एका बाजूच्या खिशात, पंप दुसऱ्या बाजूच्या, आणि ही जागा कधी बदलायची नाही, म्हणजे अंधारात आणि घाबरलेल्या अवस्थेत हात चुकणार नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा सरळ विचारा, की मिरचीच्या फवाऱ्याने धाप लागली तर किती मात्रा, किती वेळाने घ्यायची, आणि तो कागद पंपाबरोबर ठेवा. पंप घेऊनही श्वास मोकळा होत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तर घरी जायचा विचार सोडा. १०८ ला फोन करा किंवा कुणाला तरी गाडीवर बसवून जवळच्या रुग्णालयात न्यायला सांगा.

पर्समध्ये ठेवलेला स्प्रे नसल्यात जमा. पर्सची चेन, त्यात डबा, रुमाल, चार्जर, आणि त्याखाली कॅन. शोधायला दहा सेकंद लागतात आणि तेवढ्यात माणूस बारा-चौदा मीटर चालून तुमच्यापर्यंत आलेला असतो. डिकीत तर अजिबात नको. एक तर डिकी उघडायला गाडीवरून उतरावं लागतं, आणि दुसरं, एप्रिल-मे महिन्यात सांगली-मिरजेचा पारा ४० च्या आसपास असतो तेव्हा उन्हात उभ्या गाडीची बंद डिकी त्याहून कितीतरी जास्त तापते. अशा कॅनवर ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नका असं छापलेलं असतं, ते याचसाठी. जास्त तापलेला कॅन गळतो, क्वचित फुटतो. किल्लीच्या जुडग्याला अडकवलेले छोटे कॅन दिसायला सोयीचे, पण स्कूटीवाल्यांसाठी घातक. किल्ली गाडीत लावलेली असताना स्प्रे काढायचा म्हणजे गाडी बंद करायची! जुडग्यालाच हवा असेल तर ओढला की सुटणाऱ्या खटक्याची कडी लावा.

योग्य जागा म्हणजे जॅकेटचा किंवा कुर्त्याचा बाहेरचा खिसा, ज्यात दुसरं काहीही नाही. उजवा हात ॲक्सिलरेटरवर असतो, म्हणून डावा खिसा सोयीचा, पण मग डाव्या हाताने सराव करावा लागेल. रुग्णालयाच्या दारातून पार्किंगकडे चालत निघताना तो आधीच हातात हवा, पण चुकून फवारा उडू नये म्हणून कॅनला असतो तो खटका बंद ठेवूनच. गरज याच पन्नास-शंभर पावलांतही पडू शकते, आणि हातात स्प्रे धरून चालणं यात लाजण्यासारखं काही नाही. लॅबमध्ये असताना तो लॉकरमध्ये, चेनच्या प्लास्टिक पिशवीत ठेवा. बंद, एसीच्या खोलीत कॅन गळला तर सगळ्या मजल्याला खोकला लागेल, आणि शेजारी रुग्ण आहेत.

स्कूटीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळायची सवय असेल तर त्यावर थोडा विचार करा. फवारा उलटला आणि स्कार्फ भिजला तर तो अर्क नाका-तोंडाला बांधून ठेवल्यासारखंच आहे. पूर्ण चेहरा झाकणारं, काचेचं हेल्मेट असेल तर उत्तम. पार्किंगमध्ये गाडीजवळ पोचल्याबरोबर हेल्मेट घाला आणि काच खाली करा. अशा हेल्मेटमुळे उलटलेला फवारा बऱ्यापैकी अडतो, आणि स्प्रे मारून लगेच गाडी काढायची वेळ आली तर डोळे उघडे राहतात.

सरावाशिवाय हे काहीच उपयोगी नाही. कॅन कसा धरायचा? चार बोटं कॅनभोवती मुठीसारखी, अंगठा वर झाकणीखाली. अनेक जण परफ्यूमच्या बाटलीसारखं तर्जनीने दाबतात. तसं धरलं तर झटापटीत कॅन हातातून सहज हिसकावला जातो. काही कॅनला वर उचलायची झाकणी असते आणि तिच्याखाली अंगठा सरकवून दाबायचं, काहींचं डोकं पाव फेरी फिरवून खटका सुटतो. फिरवायचे कॅन घाबरलेल्या हाताला आणि घामाने ओलसर झालेल्या बोटांना त्रास देतात, म्हणून झाकणीचा कॅन बरा. नोझलचं भोक कुठल्या दिशेला आहे ते अंगठ्याला न बघता कळायला हवं. नोझलच्या विरुद्ध बाजूला नेलपॉलिशचा एक जाड थेंब लावून ठेवा. अंगठ्याला तो लागला म्हणजे तोंड बाहेरच्या बाजूला आहे.

खटका बंद ठेवूनच रोज चार-पाच वेळा, आठवडाभर सराव करा: खिशात हात, पकड, बाहेर, कोपर अंगाजवळ ठेवून छातीच्या उंचीला कॅन, दुसरा हात पुढे. हेल्मेट घालून करा, हातमोजे घालत असाल तर ते घालून करा, दिवा बंद करून करा. खिशापासून नेमापर्यंत दोन सेकंद लागायला हवेत. झाकणी उचलून दाबण्याचा सराव वेगळा हवा, त्यासाठी दुसरा, तसाच कॅन घ्या. बहुतेक छोटे कॅन ५०० रुपयांच्या आत मिळतात आणि हा खर्च वाया जाणारा नाही. पीक निघालेल्या मोकळ्या रानात, आसपास माणूस, गुरं, कुत्रं नाही असं बघून, वारा पाठीवर घेऊन आठ फुटांवर काठीला जुनं वर्तमानपत्र टांगा. अर्ध्या सेकंदाचे फवारे मारून धार किती लांब जाते, किती खाली झुकते ते बघा. मात्र हा फवारा तुमच्या भावाने मारावा, तुम्ही वारा जिकडून येतो त्या बाजूला पंधरा-वीस पावलं लांब उभं राहून बघा. तुमचा स्वतःचा नेमाचा सराव घरी पाण्याच्या स्प्रे बाटलीवर. ते वर्तमानपत्र नंतर जाळू नका, मिरचीचा धूर होतो. प्लास्टिक पिशवीत गाठ मारून टाका. एक चाचणी कुणीही करू नये: ‘कसं वाटतं बघू’ म्हणून स्वतःच्या तोंडावर थोडा मारून घेणं. दमा असलेल्याने तर कधीच नाही.

प्रत्यक्ष वेळ आली तर पहिली गोष्ट आवाज. “मागे हो! हात लावायचा नाही!” असं मोठ्याने, एकेरीत, दोनदा. त्याने आजूबाजूचे माना वळवतात, साक्षीदार तयार होतात आणि बऱ्याचदा समोरचा तिथेच थबकतो. बोलतानाच मागे आणि बाजूला सरका. तो तरीही येतच राहिला आणि अंतर सहा ते दहा फूट असेल तर भुवयांच्या रेषेवर नेम धरा. जेल किंवा धार असेल तर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत आडवी ओढा, अर्धा ते एक सेकंद. मग लगेच दोन पावलं बाजूला. सरळ मागे नाही, कारण डोळे मिटलेला माणूस शेवटचं जिथे तुम्हाला पाहिलं तिथेच झेपावतो. गरज वाटली तर दुसरा फवारा, आणि निघा. एकाच वेळी कॅन रिकामा करू नका. छोट्या कॅनमध्ये सगळं मिळून पाच-दहा सेकंदांचाच फवारा असतो. दोघं असतील तर जवळच्यावर एक फवारा आणि दुसऱ्याच्या विरुद्ध दिशेने धाव.

तीन फुटांच्या आत, डोळ्याला टेकवल्यासारखा फवारा मारणं टाळा. जवळून दाबाने आलेली धार बुबुळाला खरी इजा करू शकते. पण त्याने तुम्हाला धरलंच असेल, सुटायला दुसरा मार्ग नसेल, तर स्वतःचे डोळे मिटून, श्वास रोखून मारा. तेव्हा फवारा थोडा तुम्हालाही लागणार हे गृहीत धरा.

वाऱ्याची तुमची भीती रास्त आहे. उभ्या जागी वारा कुठून येतोय हे ओढणीच्या टोकावरून, केसांवरून, रस्त्याकडेच्या झाडांवरून एका नजरेत कळतं. तो समोरून येत असेल तर मारण्याआधी दोन-तीन पावलं टाकून बाजू बदला, म्हणजे वारा निदान आडवा येईल. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा असतो, म्हणून रोजच्या पार्किंगमध्ये कोणत्या कोपऱ्यात उभं राहिलं तर तो पाठीवर येतो हे आधीच ठरवता येईल. मोठ्या पावसात धारेची लांबी कमी होते. समोरून सुसाट वारा असेल आणि बाजू बदलायला जागा नसेल तर स्प्रे विसरा. ओरडा, पळा.

बंद जागेचं गणित वेगळं. लिफ्टमध्ये किंवा छोट्या खोलीत धुक्याचा फवारा मारला तर तो दोघांचाही श्वास कोंडतो. एसटीत मारू नका, तिथे म्हातारी माणसं, लेकरं असतात. कंडक्टरला आवाज द्या, गाडी पोलीस ठाण्याकडे घ्यायला सांगा. चालत्या रिक्षात चालकावर फवारा म्हणजे रिक्षा पलटी होणं. ती थांबेपर्यंत किंवा वेग अगदी कमी होईपर्यंत कॅन हातात ठेवा आणि फोनवर मोठ्याने रिक्षाचा नंबर, रस्ता सांगत राहा. विमानाने जाणार असाल तर स्प्रे घरीच ठेवा, तो हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनच्या सामानातही नाही. काही कॅनमधला वायू ज्वालाग्राही असतो, त्यामुळे गॅस शेगडीजवळ किंवा पेट्रोल पंपावर खटक्याशी खेळू नका.

आता स्वतःला लागला तर. सातारा-सांगलीच्या घराघरांत कांदा-लसणाची चटणी कुटताना हाताची आग होते आणि नुसत्या पाण्याने ती जात नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. कारण तेच: कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. हाताला आपण तेल लावतो आणि साबणाने धुतो. पण तोंडावर ते करू नका. खोबरेल तेल, तूप, बाम, क्रीम, काहीही नको. तेलाने अर्क सुटा होऊन पसरतो आणि डोळ्यांत उतरतो. आधी फवाऱ्याच्या जागेपासून लांब, मोकळ्या हवेत जा, वाऱ्याकडे तोंड करा. डोळे चोळू नका, भराभर उघडझाप करा म्हणजे अश्रूच बरंच काम करतात. हात साबणाने धुऊन झाल्यावर कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढा आणि फेकून द्या, त्या पुन्हा वापरायच्या नाहीत. मग गार पाण्याची बारीक धार १५ ते २० मिनिटं, डोकं एका बाजूला झुकवून, नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला, म्हणजे एका डोळ्याचं पाणी दुसऱ्यात जाणार नाही. गरम पाणी सुरुवातीला नको, आग भडकते. चेहऱ्याच्या त्वचेला लहान मुलांचा शाम्पू किंवा भांडी घासायचा पातळ साबण, डोळे मिटून, न घासता टिपत, तीन-चार वेळा. दुधाने डोळे धुवावेत असं बरेच जण सांगतात. दुधाचा पाण्यापेक्षा जास्त फायदा होत नाही आणि उघड्या डोळ्यात निर्जंतुक न केलेली वस्तू घालण्यात अर्थ नाही.

कपडे बदलताना कुर्ता डोक्यावरून ओढून काढू नका, तोच अर्क पुन्हा तोंडाला लागेल. बटणं सोडा, गरज पडली तर कापा. ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. केस पुढे वाकून धुवा, उभं राहून धुतलं तर पाणी सगळ्या अंगावर उतरतं. हेल्मेटची काच, हँडल, फोन ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा डोळा चुरचुरेल. तास-दीड तासाने डोळ्यात काहीतरी सलत असेल, धूसर दिसत असेल किंवा उजेड सहन होत नसेल तर सकाळपर्यंत थांबू नका. डोळ्यांचे डॉक्टर गाठा आणि नेमकं काय लागलं ते सांगा, शक्य असेल तर कॅनच दाखवा.

केसच्या भीतीबद्दल. पेपर स्प्रे बाळगायला आपल्याकडे परवाना लागत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. ही संहिता २०२३ ची, १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्यातलं कलम ३७ सांगतं, की बचावासाठी जेवढी गरज आहे त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तेव्हा हा हक्क सांगता येत नाही. कलम ४० प्रमाणे शरीराच्या बचावाचा हक्क धोक्याची रास्त भीती निर्माण झाल्याबरोबर सुरू होतो आणि ती भीती आहे तोवरच टिकतो. म्हणजे वाट अडवून अंगावर येणाऱ्यावर मारलेला फवारा आणि तो खाली बसून डोळे चोळत असताना मारलेला तिसरा फवारा, या कायद्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पळून जाणाऱ्याच्या मागे जाऊन मारणं, पार्किंगच्या भांडणात मारणं, धडा शिकवायला मारणं, यातलं काहीही बचावात बसत नाही. मे २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयासमोर जागेच्या वादात पेपर स्प्रे मारल्याचं एक प्रकरण आलं. जिवाला तातडीचा धोका दिसत नाही म्हणून न्यायालयाने स्वसंरक्षणाचा बचाव मान्य केला नाही, गुन्हा रद्द करायला नकार दिला आणि स्प्रेला घातक हत्यार म्हटलं. घाबरवायला हे सांगत नाही. तुमच्या पत्रातल्या प्रसंगात, रात्री निर्मनुष्य रस्त्यावर दोघांनी वाट अडवली तर तुमची बाजू भक्कम आहे. ती भक्कम राहावी म्हणून सुरक्षित जागी पोचताच पहिला फोन तुम्हीच ११२ ला करा. “माझ्यावर अमुक ठिकाणी हल्ला झाला, मी बचावासाठी पेपर स्प्रे मारला, तो माणूस तिथे आहे, त्याला श्वासाचा त्रास होत असेल तर मदत पाठवा,” एवढं सांगा. वापरलेला कॅन फेकू नका, पिशवीत ठेवून पोलिसांना दाखवा. हद्द कुणाची यावरून कुणी टोलवलं तर ऐकू नका. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे.

कॅनची देखभाल फार नाही. घेतल्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा आणि चिकटपट्टीवर वजन आणि मुदतीचा महिना लिहून कॅनला लावा. दर महिन्याला पुन्हा तोला. न वापरता दोन-तीन ग्रॅम कमी झाले तर झडप गळतेय, बदलून टाका. दाब तपासायचा घरगुती उपाय याशिवाय नाही. तोलताना कॅन चार-पाच वेळा हलवा, नोझलमध्ये धागे-धूळ अडकली आहे का बघा. एकदा खरोखर वापरलेला कॅन पुन्हा खिशात ठेवू नका, दुसरा घ्या. टाकून देताना मोकळ्या रानात वाऱ्याच्या दिशेने पूर्ण रिकामा करायचा, हेही काम भावालाच सांगा. कॅनला भोक पाडायचं नाही आणि कचऱ्याबरोबर जाळायचा नाही.

आणि त्या मोटारसायकलचं काम आजच सुरू करा. दोनदा पाठलाग, एकदा शेरेबाजी, हे तक्रारीला पुरेसं आहे. महिलेच्या मागे लागून तिची इच्छा नसताना वारंवार संपर्काचा प्रयत्न करणं हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि लज्जा उत्पन्न होईल असं बोलणं कलम ७९ खाली. तारखा, अंदाजे वेळ, जागा (अमुक कंपनीच्या फाटकापासून अमुक चौकापर्यंत), गाडीचा रंग आणि कंपनी, एमएच-१० च्या पुढचे आठवतील तेवढे अक्षर-अंक, त्यांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे, असं एका कागदावर लिहा. नंबर पूर्ण आठवत नसला तरी चालेल, त्या रस्त्यावरच्या कंपन्यांच्या फाटकावर कॅमेरे असतात. मात्र बऱ्याच ठिकाणी जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून उशीर नको. अर्ज पोलीस ठाण्यात द्या, एक प्रत जिल्हा पोलिसांच्या निर्भया पथकाला द्या, दोन्हीवर पोच घ्या आणि तिचा फोटो फोनमध्ये ठेवा. तिसरी प्रत रुग्णालयाच्या प्रशासनाला द्या आणि लेखी मागणी करा, की दहाची पाळी सुटल्यावर पार्किंगपर्यंत सुरक्षारक्षक सोबत यावा आणि कुपवाडकडे जाणाऱ्या सगळ्या जणींना एकत्र निघता येईल अशी ड्यूटी लावावी.